अमळनेरचे विप्रोवाले शेठ: नशिबाचे की अकलेचे?

बोरीकाठचा

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं, "ज्याच्यात दम असतो तो करोडपती होतोच, बाकीचे नशिबाच्या नावानं रडत बसतात." तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा. या वादाला आमच्या गावाइतकं सोयीचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली. माल काय, तर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. दुसऱ्याच वर्षी शेअर लोकांना विकायला काढले. पुढे जसजसं जमेल तसे गावातल्या व्यापाऱ्यांनी, नोकरदारांनी, शेतकऱ्यांनी थोडे थोडे घेतले. कुणी कंपनीवरच्या भरवशानं, कुणी नुसतं ओळखीखातर. हीच कंपनी म्हणजे आजची विप्रो.

आता हिशोब बघा. १९९७ च्या बोनसआधी (बोनस म्हणजे कंपनीनं फुकट दिलेले जादा शेअर) एखाद्याकडे १०० शेअर होते असं धरू. १९९७ ला एका शेअरला दोन बोनस, झाले ३००. १९९९ ला दहा रुपयांचा शेअर फोडून दोन-दोनचे केले, १,५००. २००४ ला परत एकाला दोन, ४,५००. २००५ ला एकाला एक, ९,०००. २०१० ला तिनाला दोन, १५,०००. २०१७ ला एकाला एक, ३०,०००. २०१९ ला तिनाला एक, ४०,०००. २०२४ ला परत एकाला एक, ८०,०००. भाव अडीचशे धरला तरी दोन कोटी, आणि दरवर्षीचा लाभांश वेगळा. १९९७ च्या आधीही बोनस झालेच होते, म्हणजे ज्याच्या आजोबांनी साठ-सत्तरच्या दशकात घेतले त्याचा आकडा कुठे जातो ते तुम्हीच मांडा.

माझा प्रश्न असा. या लोकांनी नेमकं काय केलं? गावात तीन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांना खरंच कळत होतं, जे ताळेबंद वाचायचे आणि कितीही भाव आला तरी विकायचे नाहीत. हे मोजकेच. दुसरे, ज्यांचे कागद ट्रंकेत पडून राहिले, कारण विकायचे कसे आणि कुणाला हेच ठाऊक नव्हतं. तिसरे, ज्यांनी मुलीच्या लग्नाला किंवा विहीर खोदायला विकून टाकले. पहिला आणि दुसरा आज सारखेच श्रीमंत आहेत. आणि तिसऱ्याला मूर्ख म्हणायची माझी तरी हिंमत नाही. १९८५ साली शेअर विकून विहीर करणारा माणूस त्या दिवसाच्या हिशोबानं शहाणाच होता.

खुद्द अझीम प्रेमजींचंही तसंच. १९६६ ला वडील वारले तेव्हा ते २१ वर्षांचे, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते. शिक्षण अर्धं टाकून आले आणि कंपनी हातात घेतली. त्यांचे कष्ट, काटकसर, चिकाटी यावर माझा एक शब्द नाही. पण १९७७ च्या जनता सरकारनंतर परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीनं देशातून गाशा गुंडाळला आणि संगणकाच्या धंद्यात मोठी जागा रिकामी झाली. ती रिकामी जागा प्रेमजींनी ओळखली, हे डोकं. ती रिकामी झाली, हे कुणाचं डोकं?

माझं मत सरळ सांगतो. खाऊनपिऊन सुखी होण्यापर्यंत कष्ट आणि अक्कल बऱ्यापैकी पुरतात, तेही आपल्याकडे पाणी असेल तर. पण जी संपत्ती बघून आपण तोंडात बोट घालतो तिच्यात कष्टांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतो. बोला.

भरीतप्रेमी

बोलायचं काय, आमच्या आजोबांनी शेअरऐवजी म्हैस घेतली होती. दूध चांगलं द्यायची.

तापीकाठ

बोरीकाठचा भाऊ, तुमच्या लेखात एक मोठी गोची आहे. तुम्ही शेअर धरून बसलेल्यांचं उदाहरण घेतलं. ते नशीबच, त्यात वाद काय? धंदा उभा करणारा वेगळा.

मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. आपल्याच जिल्ह्यातले जैन इरिगेशनवाले भवरलाल जैन बघा. वाकोदसारख्या खेड्यातला माणूस, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हातची सोडली, १९६३ ला सात हजार रुपयांवर रॉकेलची एजन्सी घेतली. १९७८ ला केळीच्या भुकटीचा जुना कारखाना लिलावात घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं पाचक द्रव्य काढायला सुरुवात केली. हे कुणाला सुचतं? मग पाइप, मग ठिबक, मग नव्वदच्या दशकात टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं. आमच्याकडे बसराई आणि श्रीमंती या केळीच्या जुन्या जाती जाऊन ग्रँड नैन आली ती त्यातून. अठरा महिन्यांचं पीक वर्षभरावर आलं. लिलावाला तोच कारखाना दुसऱ्यालाही दिसत होता ना? त्याला का नाही सुचलं?

आमच्या गावातही तेच. एकाच पाटाखाली, एकाच काळ्या जमिनीत दोन भाऊ. एकाचा घड पंचवीस किलोचा आणि दुसऱ्याचा बारा. नशीब काय बांध बघून पडतं?

कपाशीवाला

@तापीकाठ, घडाचं बरोबर आहे. भावाचं काय?

तापीकाठ

भाव वेगळा मुद्दा आहे.

कपाशीवाला

वेगळा कसा? सगळा मुद्दा तिथेच आहे. ऐका आमचं. पारोळ्याकडचा कोरडवाहू माणूस मी. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. हमीभाव तेव्हा मध्यम धाग्याच्या कापसाला ५,७२६ होता. ज्यानं घरात माल ठेवला त्यानं ट्रॅक्टर घेतला, आणि गावभर सांगत फिरला की "मला मार्केट कळतं". ज्यानं दिवाळीला व्यापाऱ्याला दिला तो गाढव ठरला.

पुढच्या वर्षी सगळ्या गावानं हुशारी केली. सगळ्यांनी घरं भरली. माणसं ओट्यावर झोपायची आणि कापूस खोलीत. त्या कापसात किडे होऊन पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव मात्र खालीखालीच गेला. शेवटी पावसाळा तोंडावर आल्यावर सात हजारांच्या आसपास द्यावा लागला. आता मला सांगा, माणसं तीच, डोकं तेच, कापूस तोच. आदल्या वर्षीचा शहाणा दुसऱ्या वर्षी मूर्ख कसा झाला? भाव अमेरिकेत, चीनमध्ये, सूतगिरण्यांच्या मागणीत ठरतो. ट्रॅक्टरवाल्याला हे पटत नाही. तो अजून म्हणतो, पहिल्या वर्षी माझी अक्कल आणि दुसऱ्या वर्षी सरकारचं धोरण.

भरीतप्रेमी

शेवटचं वाक्य फ्रेम करून अडत्याच्या गादीवर लावा.

जिभाऊ_साक्री

तुम्हना शेअर-बिअर आम्हले काही समजस नही. कष्ट ते बैलबी करस. मंग तो का बरं शेठ नही व्हस? आम्हना गावमा जेना बोरले पानी लागनं तो पाटील, जेना बोर कोरडा गया तो सालदार. बोर कोठे मारना हाई पानाड्यानी सांगं, अक्कलनी नही.

आकडेमोड

जिभाऊंनी एका ओळीत सांगितलं ते इटलीतल्या कॅटानिया विद्यापीठातल्या तिघांनी संगणकावर करून पाहिलंय. प्लुचिनो, बिओंडो आणि रापिसार्डा. २०१८ चा त्यांचा निबंध आहे, २०२२ ला त्याला अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं (हे विनोदी नोबेल; आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात).

केलं काय, तर संगणकात एक हजार माणसं सोडली. सगळ्यांकडे सुरुवातीचं भांडवल सारखं, दहा-दहा. अंगची हुशारी मात्र माणसांच्या उंचीसारखी वाटलेली: बहुतेक जण मधले, फार हुशार थोडे, ढ थोडे. मग चाळीस वर्षं, दर सहा महिन्यांनी पावलं टाकत नेली. वाटेत चांगल्या आणि वाईट घटना इकडेतिकडे फिरताहेत. वाईट घटना आदळली की भांडवल अर्धं. चांगली आदळली की दुप्पट, पण तेवढी हुशारी असेल तरच. म्हणजे संधीचा फायदा घ्यायला अक्कल लागते, हे त्यांनी धरलंच आहे.

चाळीस वर्षांनी पैसा मूठभरांकडे गोळा झाला, जसा खऱ्या जगात होतो. पण सगळ्यात श्रीमंत निघालेला माणूस हुशारीत जेमतेम मधला होता. त्याच्यावर चांगल्या घटना जास्त आदळल्या, एवढंच. कारण साधं आहे. हुशारी कुणाचीही दुसऱ्याच्या दहापट नसते, शंभरपट तर नाहीच. पण दुपटीवर दुप्पट बसत गेली की पैसा हजारपट होतो. विप्रोच्या बोनसचा तुमचा हिशोब म्हणजे हीच गंमत.

तापीकाठ

आकडेमोड साहेब, मॉडेलमध्ये जे घातलं तेच बाहेर आलं की! घटना कुणावरही आदळतील असं तुम्हीच धरलं, तर नशीब जिंकणारच. खऱ्या आयुष्यात हुशार माणूस चांगल्या घटनेच्या वाटेवर जाऊन उभा राहतो. भवरलालजी लिलावाला गेले ना? घरी बसून लिलाव चालत आला नाही.

आकडेमोड

हा आक्षेप रास्त आहे. मॉडेलमध्ये माणसं जागेवर खिळलेली आहेत, हा त्यातला खरा कच्चा दुवा. तेवढ्यावर निकाल देऊ नये.

म्हणून खऱ्या माणसांचं देतो. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी मुलांची बुद्धिचाचणी व्हायची. तिथल्या सुमारे ५९,००० पुरुषांचे त्या चाचणीतले गुण आणि नंतरची कमाई जुळवून पाहिली. अभ्यास २०२३ चा. कमाई वाढते तशी बुद्धीही वाढलेली दिसते, हे बऱ्याच उंचीपर्यंत खरं निघालं. पण वर्षाला साठ हजार युरोंच्या पुढे ती रेघ सपाट होते. सगळ्यात वरच्या एक टक्क्यातले लोक त्यांच्या लगेच खालच्या लोकांपेक्षा बुद्धीत किंचित कमीच भरले. अर्थात ही पगाराची गोष्ट, धंद्यातल्या पैशाची नाही, आणि बुद्धी म्हणजे चिकाटी नव्हे. पण बोरीकाठच्यांनी वर जे म्हटलंय की एका पातळीपर्यंत अक्कल चालते आणि पुढे नाही, त्याच्याशी हे बरंच जुळतं.

उधनावासी

मी सुरतला, उधन्यात. इथे अर्धा खानदेश आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी. कान जातात आधी. कष्टावर पैसा मिळत असता तर आमच्या खोलीतला प्रत्येक माणूस रिंगरोडवरच्या कापड मार्केटचा मालक असता.

तरी तापीकाठ भाऊंचं एक खरं आहे. आमच्या नंदुरबारकडचे दोन पोरं एकाच वेळी आली. एक दहा वर्षांनी पण कारागीरच, दुसऱ्याचे स्वतःचे लूम. दुसरा जास्त हुशार होता, मी शपथेवर सांगतो, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. पण त्याच्या मावसाजींचा इथे आधीपासून गाळा होता. त्यांनी एक जुनं लूम भाड्यानं दिलं आणि पहिलं वर्ष भाडं घेतलं नाही. पहिला पोरगा दर महिन्याला घरी पैसे पाठवायचा, बापाचं सोसायटीचं कर्ज होतं. दोघांची जागा बदलली असती तर? मी बरेच वेळा विचार करतो, उत्तर येत नाही.

धडगावचे_गुरुजी

उधनावासींच्या प्रश्नाला जोडून लिहितो. मी सातपुड्यात शिकवतो. वर्गात एक मुलगी आहे, तोंडी हिशोब माझ्याआधी करते. नोव्हेंबर लागला की आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला जाते, परत येते तेव्हा परीक्षेचे दिवस. तिची हुशारी कुठल्या बाजारात विकायची? ब्रँको मिलानोविच नावाच्या अर्थतज्ज्ञानं जगभरच्या उत्पन्नांचा हिशोब मांडला, तर माणसामाणसांतला निम्म्याहून जास्त फरक ते कुठल्या देशात जन्मले एवढ्यावरूनच सांगता येतो असं निघालं. देशाचं सोडा. तापीच्या काठावर जन्मणं आणि अक्राणीत, म्हणजे आमच्या धडगाव तालुक्यात, जन्मणं, यात अंतर फारसं नाही.

ज्यांना जन्म हे नशीब वाटत नाही त्यांनी बहिणाबाई आठवाव्यात. १८८० ला आसोद्यात जन्म, अक्षरओळख नाही, आयुष्य शेतात आणि घरात. प्रतिभा पहिल्यापासून होतीच. सोपानदेव पोटी आले, त्यांनी कविता उतरवून ठेवल्या, आणि अत्र्यांसारख्या माणसाच्या हाती त्या पडल्या म्हणून १९५२ ला छापल्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी बहिणाबाई गेल्या होत्या. मुलगा दुकान चालवणारा निघाला असता तर?

तापीकाठ

गुरुजी, धागा पैशावर आहे. कवितेला नेऊ नका.

माहेरवाशीण_चोपडा

नेऊ द्या हो दादा, पैशावरच परत आणते.

बोरीकाठच्या दादांनी शेअरवाल्यांचे तीन प्रकार सांगितले. चौथा राहिला. ज्यांच्या घरात शेअर होते, केळीची बाग होती, गावठाणाला लागून जमीन होती, आणि ज्यांनी हक्कसोडवर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली, त्या बहिणी. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. आमच्याकडे दिवाळीला साडी घेतात आणि सही करतात. नाही केली तर माहेर तुटतं.

जळगाव-धुळ्याकडचा तरसोद-फागणे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कित्येकांची जमीन गेली. २०१३ च्या कायद्यानं खेड्यात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला बसू शकत होता. माझ्या ओळखीत एका घरी मोठी रक्कम आली. भावाला आता सगळे शेठ म्हणतात, सप्ताहात पहिल्या पंगतीचा मान त्याचा, आणि तरुण पोरांना तो "मेहनत करा" म्हणून भाषण देतो. बहीण दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते. दोघं एकाच आईच्या पोटचे, आणि हुशारीचं म्हणाल तर दहावीला तिला जास्त मार्क होते.

कपाशीवाला

ताई, हे वाचून गप्प बसलो.

बोरीकाठचा

ताई, चौथा प्रकार मला सुचलाच नाही आणि तो आमच्या गावात सर्रास आहे.

@तापीकाठ, तुमचं एक मान्य करतो. लिलावाला गेल्याशिवाय कारखाना मिळत नाही. पण लिलावाला गेलेले आणि बुडालेले किती, ते आपल्याला दिसत नाहीत. सात हजार रुपये घालून धंदा करणारे त्या काळात आपल्या जिल्ह्यात बरेच असतील, त्यांच्यावर गौरवग्रंथ निघत नाहीत. अमळनेरातही लोकांनी फक्त विप्रोचे शेअर घेतले नव्हते. तेवढ्याच भरवशानं, तेवढ्याच ओळखीखातर दुसऱ्या कंपन्यांचे घेतले, पतसंस्थांत ठेवी ठेवल्या. त्या बुडाल्या. वर्तमानपत्रवाले मात्र येऊन विप्रोवाल्याचीच मुलाखत घेतात, आणि तो "संयम ठेवा" म्हणून सांगतो. संयम तर पतसंस्थेवाल्यानंही ठेवला होता!

तुमच्या दोन भावांच्या घडांचं उदाहरण मला खरंच आवडलं. बारा किलो आणि पंचवीस किलो, हा फरक कष्टाचा आणि अकलेचा, शंभर टक्के. पण तो दुपटीचा आहे. प्रेमजी आणि त्यांच्या कारखान्यात इमानानं काम केलेला फिटर यांच्यातला फरक दुपटीचा आहे का? मला वाटतं आपण दोघं वेगवेगळ्या फरकांबद्दल बोलतोय. २०१९ पर्यंत प्रेमजींनी दानाला लावलेल्या शेअरची किंमतच १.४५ लाख कोटी रुपये होती. एवढ्या पैशाला पुरेल इतके कष्ट एका जन्मात करता येत नाहीत.

तापीकाठ

आकडा मोठा आहे म्हणून नशीब, हे मला अजून पटत नाही. पण काल वारं आलं. माझी बाग उभी आहे, शेजारच्याची आडवी झाली. त्याची बाग माझ्यापेक्षा चांगली होती, घड भरलेले होते म्हणूनच झाडं मोडली. विम्याचं म्हणाल तर महसूल मंडळातल्या हवामान यंत्रावर वाऱ्याचा वेग किती नोंदला जातो त्यावर आहे, आणि ते यंत्र आमच्या शिवारापासून लांब. म्हणून आज वाद घालायचा मूड नाही. पंचनाम्याला चाललोय त्याच्याबरोबर.

नवीन_सभासद_७१

नमस्कार, मी धागा पहिल्यांदाच वाचला. आमच्या आजोबांच्या नावाचे जुने कागदी शेअर घरात सापडलेत, त्यात 'वेस्टर्न इंडिया' असं लिहिलेलं एक सर्टिफिकेट आहे. आजोबा १९९० च्या आसपास वारले. त्याचं काही होतं का?

भरीतप्रेमी

होतं का!! अहो, आधी दार लावून घ्या.

बोरीकाठचा

मस्करी नंतर. पहिली गोष्ट, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अमळनेरात 'मी करून देतो, निम्मे माझे' म्हणणारे एजंट आहेत. झेरॉक्स दाखवा. आजोबांनी मधे विकले असतील तर सर्टिफिकेट सहसा खरेदीदाराकडे गेलं असतं, त्यामुळे आशा आहे. पण खात्री सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या एजन्सीला, कळवल्यावरच होईल. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, गेले असणार. गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारसाला परत मागता येतात. त्यासाठी आयईपीएफ-५ नावाचा अर्ज आहे. डीमॅट खातं लागेलच. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आणि नावाच्या स्पेलिंगची भानगड असणारच, ती आधी सोडवा.

वारस किती आहेत?

नवीन_सभासद_७१

वडील, दोन काका आणि तीन आत्या. आत्यांची हक्कसोड आधीच झालेली आहे असं काका म्हणतात.

माहेरवाशीण_चोपडा

हक्कसोड जमिनीची झाली असेल. शेअरचं त्या कागदात नाव आहे का, ते नीट वाचा. आणि आत्यांना फोन तुम्ही स्वतः करा, काकांना करू देऊ नका.